शिक्केमामांची रजा

कचेरीत त्यांना सगळे शिक्केमामा म्हणत. मूळ कागद नि त्याची नक्कल शेजारी ठेवायची, ओळ न् ओळ जुळवायची आणि मग नकलेवर ‘मुळाबरहुकूम’ असा शिक्का हाणायचा, हे त्यांचं काम. हाणायचे असा, की पलीकडच्या टेबलावरचा चहा बशीत यायचा.

त्या दिवशी सकाळीच त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर, परगावी. दुपारची गाडी गाठायची तर रजा हवी. आणि रजेचे अर्ज नेमके त्याच महिन्यापासून कॉम्प्युटरवर गेलेले. नियम असा, की कॉम्प्युटरातला अर्ज आणि फायलीतला छापील अर्ज तंतोतंत एक हवेत. तपासणार कोण? शिक्केमामाच!

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी अर्ज भरून छापून दिला. मामांनी पडद्याशी नाक नेऊन तो जुळवला, कागदावर शिक्का हाणला आणि एकदम त्यांचा चेहरा पडला.

“बाई, घोटाळा झाला. कागदावर शिक्का आहे, पडद्यावर नाही.”

“मग?”

“मग दोन्ही एक कुठं राहिले?”

बाईंनी शिक्क्यासकट कागद स्कॅन करून कॉम्प्युटरात चढवला आणि कॉम्प्युटरातला अर्ज बदलला म्हणून फायलीसाठी त्याची नवी प्रत छापली. नवी नक्कल म्हटल्यावर मामांचा हात थांबतोय होय? हाणला.

“मामा! आता पडद्यावर एक नि कागदावर दोन!”

“तेच तर म्हणतोय मी. घ्या परत.”

असं घेता घेता अर्ज पार जांभळा झाला. तेवढ्यात मामींचा फोन.

“अहो, मी पिशव्या घेऊन गाडीतळावर उभी आहे. तिकडं लेक ओरडतेय आणि तुम्ही काय अंडी उबवताय?”

मामा धावत साहेबांकडे. साहेबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

“हा काय, वांग्याचा फोटो?”

“रजेचा अर्ज, साहेब.”

“कशासाठी रजा?”

“ते खाली लिहिलं होतं. आता दिसत नाही.” मामांचा आवाज चिरकला. “लेक बाळंत होतेय हो!”

“अहो, मग जा की!”

“तोंडीच?”

“निघता का धक्के मारू?”

मामा निघाले. गाडीतच लेकीच्या नवऱ्यानं फोटो पाठवला. नात झाली होती! मामींनी डोळे पुसले. मामांनी फोटो बोटांनी मोठा करून वाटभर पाठ केला.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यांनी फोन पाळण्याशेजारी धरला.

“कपाळ बरोबर. भुवया बरोबर. नाक जुळत नाही.”

“बाबा, फोटो काढताना ती शिंकत होती,” लेक पडल्या पडल्या म्हणाली.

“पण मग असा फोटो...” म्हणत मामांनी नाकाकडे बोट नेलं, तर नातीनं ते मुठीत धरलं. घट्ट.

“जुळवा ना आता!” मामी म्हणाल्या.

“कसं जुळवू? सोडत नाहीये गं ही,” मामा म्हणाले, आणि हातातला फोन त्यांनी न बघताच जावयाकडे दिला.