शबानाच्या घराची किल्ली

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, पोरीला माहीत नाही. देवासमोर हात जोडताना कधी मनात आलंच, तर मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून घेते. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल. की आता ठेवून ठेवून जड झालंय? माहीत नाही. सांगते.

मी मंदा. वडशाला रेल्वे लाइनीच्या पलीकडे एक ले-आउट आहे, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा रामदास धानाच्या व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवतो. माझं माहेर नदीकाठचं, ढिवरांचं – बाप जाळं टाकायचा, आई बाजारात मासोळी विकायची.

ले-आउट पडला तेव्हा लोकांनी हौसेनं घरं बांधली. मग दोन राइस मिल बंद पडल्या. पोरं शिकायला नागपूरला गेली, त्यांच्यामागे आईबापही जाऊ लागले. गेटागेटावर ‘घर विकणे आहे’च्या पाट्या लागल्या आणि त्यांची अक्षरं उन्हानं उडूनही गेली. घ्यायला कोण येणार? जाणारे लोक किल्ली माझ्याकडे देऊन जायचे. मी दिवसभर घरीच असायची, म्हणून.

आणि मला ते काम जमायचं, हे आधीच सांगून ठेवते. बंद घर दाखवलं तर माणूस उंबऱ्यावरूनच परततो. म्हणून कुणी बघायला येणार असलं की मी सकाळीच खिडक्या उघडायची, अंगणात सडा टाकायची, नळ सोडून बघायची, चहाचं आधण ठेवायची. बाईमाणूस आलं असेल तर तिला आधी विहीर दाखवायची, पुरुष असेल तर गाडी लावायची जागा. कोपऱ्यावरच्या बाबूरावभाऊंनी आशाच सोडली होती. त्यांचं घर मी विकून दिलं. म्हातारा रडला. लोक म्हणायचे, मंदाबाईच्या हाताला यश आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

हे का सांगते? कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल – बिचारीला कळलं नसेल. मला सगळं कळत होतं.

शबाना माझी शेजारीण. मध्ये एकच भिंत. तिचा नवरा यूसुफभाऊ सुतार, सागवानात हात धरणारा कुणी नव्हता त्याचा. घराचं एकेक दार त्यानं स्वतः घडवलेलं. स्वयंपाकघरात ओट्यासमोर ही रुंद खिडकी, आणि खिडकीला लागून सागाची फळी – भाजी निवडत बसता येईल अशी. माझ्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. धूर मागच्या दारानं जायचा, गेला तर. रामदास त्यांच्याकडून आला की हमखास म्हणायचा, “यूसुफभाऊनं काय खिडकी बसवली जी.” प्रत्येक वेळी म्हणायचा. आणि प्रत्येक वेळी मी भांडं जरा जोरात आपटायची.

ते घर मला खुपायचं. घर – की शबाना?

तिनं माझं काय वाईट केलं होतं? मला टायफाइड झाला तेव्हा ती माझ्या चुलीवर माझ्या पोरीचं, नवऱ्याचं रांधून गेली. माझ्या प्रियाच्या लग्नात यूसुफभाऊनं दिवाण बनवून दिला आणि मजुरी घेतली नाही. पण हेच तर – देणारी नेहमी तीच कशी? तिची आयेशा आणि माझी प्रिया एकाच वर्गात. प्रिया बारावीत नापास झाली, आम्ही तिला कुरखेड्याला देऊन टाकली. आयेशाचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. शबाना पेढे घेऊन आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पेढा खाल्ला, तिला जवळ घेतलं, ‘आपलीच पोर हाये’ म्हटलं – आणि ती गेल्यावर मागच्या दारी जाऊन चूळ भरली.

मग बाजारात तयार फर्निचर आलं. यूसुफभाऊचं काम बसलं. त्यांनी ठरवलं, नागपूरलाच जायचं, पोरीजवळ राहायचं, लहानसं दुकान टाकायचं. पण दुकान टाकायला आधी हे घर विकायला हवं होतं. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे. जायच्या दिवशी शबानानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

“मंदा, तुह्या हाताले यश हाये. तूच पाय आता.”

“होईन न बाई,” मी म्हटलं. “काऊन नाई होईन?”

पहिले लोक आले ते ब्रह्मपुरीकडचे. येणार म्हणून आदल्या दिवशी निरोप होता. मी झाडलं नाही. खिडक्या उघडल्या नाहीत. इतकंच. दार उघडलं आणि बाजूला उभी राहिले. आत उंदरांच्या लेंड्या, कोंदट हवा, अंधार. ते चपला न काढताच फिरून निघून गेले. यात पाप काय? मला कुणी झाडायची मजुरी देत होतं का? असं मी मनाला समजावलं. पुढच्यांच्या वेळीही तेच केलं. शबानाचा फोन यायचा, मी सांगायची, “मार्केटच नाई बाई, कोणाचंच विकून नाई राह्यलं.” खोटंही नव्हतं ते. खोटं नसलेलं बोलून केवढं करता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मग चामोर्शीकडून बदली होऊन आलेले एक गुरुजी आणि त्यांची बायको आली. यूसुफभाऊशी फोनवर बोलून अचानक आली, सकाळच्या उन्हात. साधी, शाकाहारी माणसं. बाईंच्या गळ्यात माळ होती. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी स्वतःच खिडकी उघडली. ऊन आत आलं. त्या फळीवर बसल्या, हात फिरवून बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “इथी बसून पोरीचा अभ्यास घेता येईन जी.”

मी दारात उभी. मला दिसलं – घर गेलं. नागपूरला शबाना दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली दिसली. आयेशा पांढऱ्या कपड्यात. आणि इकडे भिंतीपलीकडे परत कुणीतरी या खिडकीत बसणार, आणि मी परत धुरात. कसं सांगू – छातीत काहीतरी कढत वर आलं. आणि मी बोलले. अगदी हळू, आपलेपणानं बोलले.

“घर चांगलंच हाये बाई. पण तुम्ही माळकरी, म्हणून सांगून ठेवते. त्यांच्या घरचं खाणं... वास भिंतीत मुरला हाये. आता नाई समजत. पावसाळ्यात उठते.”

बाई फळीवरून उठल्या. पदरानं हात पुसला. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं – आणि ते दोघं निघाले.

त्या घरात कसलाही वास नव्हता. शबानाचा ओटा माझ्या ताटापेक्षा स्वच्छ असायचा. शुक्रवारी तिच्याकडे मटण शिजलं की भिंतीपलीकडून दरवळ यायचा, आणि त्यातली वाटी माझ्याकडेच यायची. आणि मासोळी तर रोज मीच तळायची, ढिवराची पोर. शाळेत माझ्या बाजूला कुणी बसत नसे – ‘इच्या दप्तराले वास येते’ म्हणत. मी ते दप्तर तळ्यावर राखेनं घासलं होतं, शिवण उसवेपर्यंत. त्या शब्दानं काय होतं ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो इतका लवकर जिभेवर आला का?

त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. यूसुफभाऊनं किंमत उतरवली, मग अजून उतरवली. दुकान राहिलं बाजूला; तो नागपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात फळ्यांना रंधा मारायला लागला. शेवटी इथल्याच एका व्यापाऱ्यानं ते घर प्लाटच्या भावात घेतलं. त्याला गोदाम करायचं होतं. दारंखिडक्या नकोत म्हणाला, शटर लावणार होता.

म्हणून यूसुफभाऊ आपली दारं काढून न्यायला आला. विकून जे येईल ते, म्हणाला. सोबत शबाना. मी मदतीला गेले – जाणारच ना, शेजारीण. तो एकेक स्क्रू काढत होता, मी दाराचा पल्ला धरून उभी. हातानं बसवलेलं तो हातानंच उतरवत होता. चौकटी निघाल्या तसं घर उघडं, भगदाडासारखं दिसायला लागलं. आणि मला – हे लपवायचं असतं तर सुरूच कशाला केलं असतं – मला बरं वाटलं. गार वाटलं छातीत. थोडाच वेळ. पण वाटलं.

मग शबानानं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. किती वाळली होती. आवाज खाली आणून म्हणाली, “एक पुसू? खरं सांगजो. माह्या घरात वास येत होता का?”

मी विचारलं, “कोण म्हणते?”

“त्या गुरुजीले यांनी फोन केला होता. किंमत कमी करतो म्हणून. तं ते म्हणाले, मंडळीले वासाचं वाटते.” ती फळीकडे बघत होती. “मी आता नागपूरले मटण-मासोळी शिजवतच नाई मंदा. बाजूच्या खोलीवाल्यांले वास येईन म्हणून. आयेशा बाहेर जायले निघाली की तिची ओढणी मी नाकाले लावून पायतो.”

गुरुजींनी माझं नाव सांगितलं नव्हतं. का नसेल सांगितलं? भला माणूस असेल. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. घर गेलंच होतं, निदान तेवढं तरी तिच्या डोक्यावरून उतरलं असतं. एक वाक्य होतं फक्त.

मी म्हटलं, “काहीच वास नव्हता. त्या लोकाईचं मनच घाण.”

गुरुजींच्या बायकोला शिव्या घातल्या मी. चांगल्या चार घातल्या. शबानानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. “तू तं रोज येत होती,” म्हणाली. “असता तं तू सांगतली असती न मले.”

“हो न,” मी म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात प्रियाचं बाळंतपण अडलं. कुरखेड्याहून गडचिरोलीला, तिथून नागपूरला पाठवलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे आयेशा नोकरीला होती. तिनं प्रियाचं सगळं केलं. रात्रपाळी संपल्यावरही बसून राहायची पोर. शबाना रोज दोन बस बदलून आमच्यासाठी डबा आणायची. साधा वरणभात, वांग्याची भाजी. तो घेऊन ती माझ्यासमोर बसायची आणि झाकण काढायच्या आधी डबा स्वतःच्या नाकाशी नेऊन बघायची. मग माझ्याकडे सरकवायची, जरा हसत.

“पाय बरं. वास तं नाई न येत?”

प्रत्येक दिवशी मी म्हटलं, नाई. आणि जेवले.

ती अजून भाड्याच्याच खोलीत राहते. मी कोण, असं तिला कुणी विचारलं की ती सांगते, ही माझी मैत्रीण. आमचं घर हिनंच सांभाळलं.