मोहाखालची शून्यं

चंद्रपूरची मुलगी, आकडेमोड बरी, एवढ्या भांडवलावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी गडचिरोलीच्या जंगलात पाहणीसाठी घरोघरी फिरले. प्रत्येक बाळंतपणापुढे एकच प्रश्न: मूल वर्षाच्या आत गेलं का? गेलं तर एक, जगलं तर शून्य. नर्सबाई आधी कोणत्या गावात ठेवायची, ते यावरून ठरणार होतं.

नागपूरच्या कॉम्प्युटरवरून लॉजिस्टिक रिग्रेशनचे, म्हणजे कुठल्या गावात मूल दगावण्याची शक्यता किती या हिशोबाचे, कागद आले. जंगलातल्या शेवटच्या गावाचा गुणांक भलामोठा आणि उणे. उणे म्हणजे तिथं मूल दगावण्याची शक्यता कमी. मी हरखलेच. शेजारच्या रकान्यातली स्टँडर्ड एरर मात्र त्याहून कितीतरी मोठी होती. गुणांकावर किती विसंबायचं ते तीच सांगते, ती जितकी मोठी तितका गुणांक बेभरवशाचा, हे मला तोंडपाठ होतं. पण हुशारी मिरवायची घाई नडली. ‘इथं नर्सची निकड नाही,’ असं मी अहवालात लिहून सही ठोकली.

काही आठवड्यांनी पाहणीच्या प्रमुख सरांनी तो कागद पाहिला.

"एरर एवढी फुगली म्हणजे त्या गावात एकही ‘एक’ नाही, सगळी शून्यंच. गणिताला तोलायला काही मिळालेलंच नाही. मुलं खरंच जगली, की तू विचारायला चुकलीस?"

मी परत गेले. ज्या म्हातारीनं मला सुनेची मुलं सांगितली होती, तिलाच विचारलं, "एकही गेलं नाही?"

"गेले ना बाई. पण नाव ठेवाच्या आधी गेलं, त्याले आमी मोजत नाई."

ती मला घरामागच्या मोहाच्या झाडाखाली घेऊन गेली. तान्ही मुलं तिथंच पुरतात. "झाड दूध पाजते त्याईले," ती म्हणाली आणि बोटानं एकेक जागा दाखवत गेली. शेवटच्या जागेवरची माती अजून ओली होती.

"हा मागच्या हप्त्यातला. नर्सबाई येनार होती म्हनत होते. काऊन नाई आली?"

अजूनही कुठं शून्य लिहायची वेळ आली की मला ते झाड दिसतं आणि भीती वाटते.

घरोघरी पुन्हा विचारून मी नवे आकडे भरले. या वेळी त्या गावाचा गुणांक उणे नाही, अधिक आला, म्हणजे तिथं मूल दगावण्याची शक्यता जास्त; आणि एरर अगदी लहान. आता त्यावर विसंबता येत होतं. त्या ओल्या मातीचाही त्यात ‘एक’ होता.