साडूंची बियर आणि भिंतीवरचं कॅलेंडर

आमच्या साडूंइतका गढूळपणाचा वैरी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची उभी हयात राइस मिलमध्ये तांदूळ पारखण्यात गेली. मूठभर तांदूळ तळहातावर पसरायचा आणि खडा, काळा दाणा, कणी, सगळं एका नजरेत सांगून मोकळं व्हायचं. साडू निवृत्त झाले, पण ती नजर काही निवृत्त व्हायला तयार नाही. घरी चहा दोनदा गाळला जातो. पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही. आणि चष्मा! स्वतःचा तर ते दिवसभर पुसतातच, पण समोरच्याचाही पुसून देतात. एकदा बसस्टँडवर त्यांनी एका अनोळखी माणसाकडे हात पुढे केला. "चष्मा द्या जी. यातून तुमाले काही दिसून तरी राहिलं काय?" त्या बिचाऱ्याने घाबरून चष्मा दिला आणि पुसून होईस्तोवर त्याची बस निघून गेली. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "पुढच्या बसची पाटी तं नीट वाचान," म्हणाले.

अशा माणसाने गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या घरी बियर बनवायला घेतली. कायद्याचं मला विचारू नका. ते विकत नाहीत आणि स्वतः अर्ध्या ग्लासाच्या वर जात नाहीत. आमच्याकडे मोहाची काढणारे पुष्कळ, पण साडूंचा थाटच वेगळा. जवाचा माल्ट आणि कडवटपणासाठी हॉप्सची फुलं ऑनलाइन मागवायची आणि त्यात तांदळाची कणी घालायची. जन्मभर जी कणी नापास केली, तिला म्हातारपणी अशी बढती! बियर आंबून तयार झाली की मग खरा सोहळा. जिलेटिनची चिमूटभर पावडर थंड पाण्यात फुगवायची आणि थर्मामीटर लावून हळूहळू गरम करायची. "उकळलं का मेलं!" असं स्वतःलाच बजावत ती गारेगार बियरमध्ये ओतायची आणि दोन दिवस फ्रिजला कोणी हात लावायचा नाही. त्या दोन दिवसांत ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, दही शेजाऱ्यांकडे ठेवत. पावडर सगळा गाळ धरून तळाशी बसे आणि वर सोन्यासारखी बियर राही. मग साडू ग्लास भरून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरत. त्यातून बारीक अक्षरातली एकादशी वाचता आली, तरच बियर पास. एकादशीसाठी बियर लागणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षं मी ती बियर मिटक्या मारत प्यालो. मग होळीच्या सुमारास अवदसा आठवली आणि सहज विचारून बसलो, "हे जिलेटिन बनतं कशाचं हो?"

"जनावराच्या हाडाचं, चामड्याचं!" साडू मोठ्या कौतुकाने म्हणाले आणि मग त्यांचा चेहराच पडला. कारण त्यांना ठाऊक होतं. आईने शेवटच्या दुखण्यात माझ्याकडून वचन घेतलं होतं की मटण नाही, मासोळी नाही, अंडं नाही. बियरचं नाव घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. पण बाकीचं वचन मी जिवापाड पाळलं होतं.

"मी तं औषध समजून टाकत होतो जी," साडू पुटपुटले. "डोक्यातच नाही आलं."

खरं सांगतो, मला राग आला. घरी आईच्या फोटोसमोर उभा राहून हात जोडले. महिनाभर फुलचूरकडे फिरकलो नाही. शेवटी ताईंचा फोन आला, "काऊन येऊन नाही राहिले? तुमचे साडू नुसते रिकामे ग्लास पुसत बसले आहेत." मग गेलो आणि म्हणालो, "पावडर न घालता द्या. गढूळ चालेल मला."

"गढूळ? माझ्या हातून?" साडू ताडकन उठले. "गढूळ ग्लास मी दुश्मनालेबी नाही देत."

आता आली का पंचाईत? पावडर घातली तर माझं वचन मोडतं, नाही घातली तर त्यांचं ब्रीद. दुसऱ्याच दिवशी साडू बसने देवरीला गेले आणि तिकडच्या जंगलातल्या निवळीच्या बिया घेऊन आले. जुनी माणसं माठात ही बी घासून गढूळ पाणी निवळायची. साडूंनी घासली. पाणी निवळलं, बियर मात्र ढिम्म. "पाणी समजूतदार असते, बियर हट्टी आहे," साडू म्हणाले. "तुमच्यावर गेली," ताई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी एक बाटली पावडरीशिवाय भरली, 'भाऊ', म्हणजे मी, अशी चिठ्ठी चिकटवली आणि फ्रिजच्या पार मागे ठेवली. "थांबलं तं गाळ आपोआप बसते जी. फक्त कोणी हलवू नये." झालं! फ्रिजचं दार आपटायची घरात बंदी झाली. मे महिन्याच्या उकाड्यात वीज गेली की साडू बाजारातून बर्फ आणून बाटलीभोवती रचत आणि वर ओलं गोणपाट घालत. पण बाटली उचलून एकदाही पाहिली नाही, कारण उचलली की गाळ हलणार. जगातली प्रत्येक वस्तू उजेडात धरून पाहणारा हा माणूस माझ्यासाठी दोन महिने न बघता राहिला. मला नसतं जमलं.

जून संपता संपता फोन आला. एकच शब्द, "या."

साडूंनी बाटली बाळंतिणीसारखी जपून बाहेर आणली. श्वास रोखून ओतली, तळाचं दोन बोटं राखलं आणि ग्लास कॅलेंडरसमोर धरला. "वाचा."

मी वाचू लागलो. एकादशी स्वच्छ दिसली, संकष्टी दिसली. आणि पुढच्या बुधवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं बारीक अक्षर दिसलं, 'भाऊच्या आईची तिथी. त्या दिवशी बियर नाही.'

"हे कशाला लिहिलं? मी विसरेन होय?"

"तुम्ही कायले विसरान जी," साडू हळूच म्हणाले. "पण मी एकदा चुकलो ना."

ग्लास अगदी निवळ होता, तरी मला पुढचं वाचता येईना. साडूंनी ग्लास खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"चष्मा द्या," म्हणाले.

मी काढून दिला.