हौसाचं घंगाळ

शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते, तेव्हा वाडीतल्या बायका ओटी, नारळ, निरांजन घेऊन दारात उभ्या राहतात. हौसा मात्र अंगणात घंगाळभर कढत पाणी ठेवते. पालखी तिच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येते, जराशी घुटमळते आणि पुढच्या घराकडे वळते. सून गेली तशी म्हातारी भ्रमली, असं लोक म्हणतात. म्हणणारच. एकदा वेडी ठरवली की तिला उत्तर द्यावं लागत नाही.

लांज्याच्या आतल्या अंगाला उंच कातळी सड्याच्या कुशीत ही मूठभर घरांची वाडी. डांबरी रस्ता गाठायचा तर सडा चढून पलीकडे उतरायचं, तिथून एसटी मिळाली तर दवाखाना. अडलेल्या बाईला डोलीत घालूनच न्यायला हवं. डोलीला खांदे लागतात, आणि खांदे सगळे मुंबईला. वर्षभर वाडीत म्हातारे, बायका नि पोरंच. गणपतीत आणि शिमग्यात तेवढी घरं भरतात. म्हणून सुनेचे, मैनेचे, दिवस चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात भरतायत हे कळल्यावर हौसाला हायसं वाटलं होतं. मुलगा रघू घरी असणार, वेळ आलीच तर त्याच्या जोडीला खांदेही असणार.

मग मैनेला आधीच का नाही नेलं, असं शहाणी माणसं अजून विचारतात. नेलं होतं की, पहिल्या खेपेला. शहरातल्या दवाखान्यात आठवडाभर आधी नेऊन ठेवलं होतं. मैना कळांनी ओरडली तेव्हा तिथली बाई तिच्या मांडीवर फाडकन मारून म्हणाली, "नवऱ्याजवळ जाताना गोड वाटलं, आता कशाला बोंबलतेस?" दाराबाहेर बसलेल्या हौसानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मुलगी झाली. घरी आल्यावर मैना एवढंच बोलली, "आत्ये, परत तकडं नको. हितं मेलं तरी चालंल." हौसानं तिला शब्द दिला. अशा सरकारी पाहुणचाराला दुसऱ्यांदा कोण जाईल?

त्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या आणि पालखी दुपारी दारात यायची होती. हौसाचा नवस होता. या खेपेला मुलगा व्हावा म्हणून या शिमग्यात सुनेच्या हातानं देवीची ओटी भरीन. घरात बाळंतपण झालं की सोयर. सोयर असलेल्या घरात पालखी येत नाही. आज चुकली तर पुढल्या शिमग्यापर्यंत नवस अंगावर राहणार, आणि नवस फेडला नाही तर देवी पोराला सुख लागू देणार नाही, ही हौसाच्या मनातली खरी भीती. म्हणून तिनं कुणाला कळूच दिलं नाही. रघूला नाही, शेजारणींना नाही. फक्त सखू सुईणीला मागच्या दारानं घरात घेतलं. मैना कण्हली की हौसा तिच्या तोंडात पदराचा बोळा द्यायची आणि म्हणायची, "गप ऱ्हा बाय, पालखी येऊन जाऊं दे."

सखूनं पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "हौसा, पोर आडवा हाय. माझ्या हातचा काम नाय. डोली बांधूक सांग."

"पालखी जाऊं दे," हौसा म्हणाली.

पालखी कधी वेळेवर येते का? दर अंगणात नाचवणं, गाऱ्हाणं, मान. उन्हं कलली तेव्हा ढोल गडग्याशी आला. हौसानं मैनेला उभं केलं, काखेत धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. त्या पोरीनं दातओठ खाऊन ओटी भरली. खणावर तिच्या घामाचे थेंब पडले. मग ती उंबऱ्यातच खाली बसली, आणि मग मात्र हौसाचा धीर सुटला. तिनं मानकरी रावजीचे पाय धरले. भावजी, सून अडलीय, चार माणसं द्या.

रावजी दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर हौसाला सोपं गेलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "वयनी, वाटंत बाळंत झाली तर चौघांनला सोयर लागंल. मंग पालखी कोन उचलील? पालखी मुक्कामाला सहानेवर बसूं दे, म्हनशील तेवढी मानसा देतो."

रघू तिथंच होता, पालखीच्या पुढल्या दांड्याखाली. त्यानं खांदा काढला, पण एकट्याच्या खांद्यावर डोली चालत नाही. त्यानं एकेकाकडे पाहिलं. बालपणापासूनचे सोबती, मुंबईत एका खोलीत राहणारे. सगळे रावजीकडे बघत राहिले. ढोल पुन्हा वाजायला लागला आणि पालखी पुढल्या घरी गेली.

दिवेलागणीला पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसली. रावजीनं शब्द पाळला, माणसं पाठवली. तोवर मैना निवली होती. मूल पोटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खांदे मिळाले. चार मागितले होते, दहा आले, पाळीपाळीनं खांदा देत मसणवटीत गेले. परतताना पऱ्याच्या वाहत्या पाण्यात सगळ्यांनी आंघोळी केल्या. भावकीतले तेवढे सुतकात राहिले. बाकीच्यांनी दुपारी पालखी उचलली.

हौसानं ते ओट्यावरून पाहिलं. दिवसकार्य झाल्यावर रावजी भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "भावजी, मढ्याला खांदा दिलात त्याचा इटाळ आंघोळीनं ग्येला. मंग बाळंतिनीचा कशानं जात नव्हता?"

रावजीनं कप खाली ठेवला. रीत आहे, असं काहीसं पुटपुटून तो उठला. त्यालाही पूर्वी कुणी हे विचारलं नसावं.

तेव्हापासून दर शिमग्याला हौसा घंगाळ मांडते. पालखी गडग्यापाशी आली की ती खांदेकऱ्यांना सांगते, "पानी तापवलाय. कुनाची सून अडली आसंल तर आधी तिला न्या. मंग हितं आंघोळ करा नि पालखी उचला." पोरं खाली बघतात. रावजी पुढे चला म्हणून हात करतो.

पालखी सहाणेवर बसल्याचा ढोल कानावर येईपर्यंत हौसा ओट्यावर बसून राहते. मग ते पाणी ती स्वतःच्याच अंगावर ओतून घेते, कारण पालखी जाऊं दे, असं त्या दिवशी रावजीच्या आधी तीच म्हणाली होती.