जमिनीवरच्या अक्षरांना वळसा

पोस्टाने आलं ते असं: आमंत्रणपत्रिका एक, खोलीचा नकाशा एक. तिकीट कमी लावलेलं, म्हणून पोस्टमनने चार रुपये भरून घेतले. पण माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या चित्रांचं छोटं संग्रहालय उघडणार होतं आणि प्रत्येक चित्राचा मजकूर मी लिहिला होता. चार रुपयांचं काय घेऊन बसायचं. दादा चित्रकलेचा मास्तर. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. आपली चित्रं लोक नीट बघतील ना, एवढीच त्याला हुरहुर.

रविवारी देवापुढे दिवा लावून उमेळ्याहून निघाले. विरारहून एसटी मिळते. जाणार असाल तर डबा न्या, तिथे चहा-वड्यापलीकडे काही नाही. नंदाखाल गावच्या केळीच्या बागा मागे पडल्या की जुन्या शाळेची खोली लागते; तेच संग्रहालय.

मांडणी मुंबईच्या एका हुशार मुलीची. पाटी वाचताना चित्र राहून जातं, म्हणून तिने मजकूर चित्रांसमोर जमिनीवरच रेडियमच्या अक्षरांत चिकटवलेला. दिसायला सुरेख. पण आमची माणसं अक्षरावर पाय देतात होय? दारातच चपला निघाल्या आणि सगळी समोरच्या भिंतीला पाठ लावून, अंग चोरून सरकू लागली. मीही त्यांच्यातच. चित्रांजवळ कुणी नाही.

दादाने खुर्चीवरून विचारलं, "शालू, जवळ जाऊन बघतायत ना गं?"

खोटं बोलवेना. खरं ते सांगितलं. ती मुलगी रडवेली.

मिठागरावर काम केलेली एक म्हातारी शेजारी होती. म्हणाली, "सरस्वतीवर पाय कसा देऊ, बाय? तूच सांग काय लिवलंय ते."

मग अक्षरं चुकवत मिठागराच्या चित्राशी जाऊन उभी राहिले. आठ ओळी लिहिल्या होत्या मी: क्षितिज, शुभ्र राशी, असलं बरंच. त्यातलं एक तोंडात येईना. म्हटलं, "ही आमची आई. दिवसभर खारं पाणी तुडवून घरी चाललीय. तिच्या टाचा बघा."

म्हातारी कडेकडेने आली, वाकली. "भेगांत मीठ हाय," म्हणाली. मग बाकीच्या आल्या. एकीने तर स्वतःची टाच वर करून ताडून पाहिली.

दादा कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "पाटीवर एवढंच लिही."

दिवेलागणीला घरी पोचले. आता मजकूर भिंतीवर जाणार आहे, आणि मी रोज ओळी खोडतेय. आठाची एक करताना जीव तुटतो. तुम्ही गेलात तर जवळ जाऊन बघा, आणि टाचांशिवाय आणखी काय दिसलं ते उलट टपाली कळवा. दादाला वाचून दाखवीन.