चुलीपाशी बसलेला माणूस

आमच्या हिच्या मामांइतका निष्ठावंत प्रेक्षक दूरदर्शनला अख्ख्या खान्देशात मिळाला नसेल. आणि ज्या एका क्षणासाठी ते वर्षानुवर्षं टीव्हीपुढे बसले, नेमका त्या क्षणी चहाचा ट्रे घेऊन मध्ये उभा राहणारा माझ्यासारखा जावईही कुणाला मिळाला नसेल.

मामा अमळनेरला एकटे राहत. तरुणपणी घरी भांडून ते गोव्याला गेले आणि सहा महिने समुद्रकाठी हिप्प्यांच्या घोळक्यात स्वयंपाक करून राहिले. त्या गोऱ्या मंडळींना त्यांनी ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. एकाने ठेचा खाऊन थेट समुद्र गाठला, हे ते अभिमानाने सांगत. तेव्हा कोणीतरी कॅमेरा घेऊन आलं होतं आणि त्यात आपण चूल फुंकताना आलो आहोत, हा त्यांचा दावा. परत आले ते 'हिप्पी' हा शिक्का घेऊनच. मुलीकडचे येत, पोहे खात, गल्लीत चौकशी करत आणि पुन्हा फिरकत नसत. पुढे टीव्ही आला, त्यावर नाचणारे हिप्पी दिसले, तसे लोक विचारू लागले, "मामा, तुम्हीबी असंच उघडं नाचायचे का?"

हिप्प्यांवरच्या माहितीपटाची वेळ पेपरात वाचली, की मामा रविवारी दुपारी जळगावला आमच्याकडे हजर. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. जणू पडद्यातलेच लोक यांना बघणार होते. सगळ्या माहितीपटभर चिलीमच दिसली की अहिराणीत उसळत, "बठ्ठा चिलमीच दखाडतस! अरे, पानी कोन भरे, भांडा कोन घासे, ते दखाडा ना!"

"मामा, चुलीची कोण फिल्म काढणार?"

"एकदा दिसू द्या, जावईबापू. मग गल्लीला सांगता येईल, मी तिथे काय करत होतो."

त्या रविवारी चूल दिसली. धुरात पाठमोरा, डोक्याला पंचा बांधलेला माणूस. मामा ताडकन उठले. "हाऊ मी शे!" हा मीच, म्हणून पडद्याकडे बोट. आणि "साखर किती?" म्हणत मी मध्ये. बाजूला झालो तोवर पुन्हा नाच सुरू.

मामा रागावले नाहीत. निवलेला चहाही फुंकत राहिले. "पाठ माझीच होती, नाही?" मी जोरात मान डोलावली. संध्याकाळी गाडीत बसवून दिलं, तर खिडकीशेजारच्या परक्या माणसाला सांगत होते, "आज टीव्हीवर आलो होतो. चुलीपाशी."

घरी येऊन मी स्वतःला बोल लावत बसलो. दुपारी पडद्यावर चूल दिसली तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून पडदा सरळ दिसतो. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आडवे आलात तेच बरं झालं. तो माणूस वळला होता. मामा नव्हते ते."