तिची खिडकी

आज ओलीनं फुगलेली खिडकी जोरानं ढकलली, आणि त्या आवाजासरशी सिस्टर आठवल्या. स्पेनहून मिशनमध्ये आलेल्या त्या म्हाताऱ्या जोगिणीकडे, सिस्टरकडे, मी तरुणपणी स्वयंपाकाला होते. सीताबर्डीच्या बाजारातून काय आणायचं, ते त्या आपल्याच भाषेत सांगायच्या. मीठ म्हणजे साल, झाडू म्हणजे एस्कोबा. रोज सकाळी म्हणायच्या, “आब्रे ला वेन्ताना,” की मी खिडकी उघडायची.

शेवटच्या आजारात त्या मराठी विसरल्या. एका सकाळी सारखं ‘वेन्ताना’ म्हणत होत्या. नर्स कधी पाणी पुढं करी, कधी गोळी.

“खिडकी उघडा म्हणतात,” मी दाराआडून म्हटलं.

“चौथी शिकलेली तू, तुले काय समजते वं?”

मी दाराशीच थांबले. सिस्टरचे डोळे भरले, तेव्हा कुठं आत गेले आणि दोन्ही पल्ले उघडले. ऊन त्यांच्या पांघरुणावर आलं.

“ग्रासियास,” त्या म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, मी फार धीट झाले. आता वाटतं, किती वेळ दाराशीच उभी राहिले.

त्यांच्या त्या आभारावर त्यांच्या भाषेत काय म्हणायचं, ते मला येत नव्हतं. कामाचेच शब्द शिकले होते. मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला.

“मी आहो न इथंच, माय.”